वर्दी कोणी द्यायची?

जून उजाडला की आपल्या घराघरांतून एकच धांदल सुरू होते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, कुणाची मुलगी पुण्याला निघालेली असते, कुणाचा मुलगा नागपूरला, तर कुणाच्या दिराचा मुलगा थेट अमेरिकेला. वसतिगृह पाहायला आपण सगळ्या जणी हौसेनं जातो. मेसची पोळी हातात घेऊन बघतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो, खिडकीला जाळी आहे का, कडी नीट बसते का, रात्री फाटक किती वाजता बंद होतं, सगळं सगळं बारकाईनं पाहतो. गादी, बादली, मग आणि एक मजबूत कुलूप विकत घेऊन देतो. निघताना रेक्टरबाईंचा हात हातात घेऊन म्हणतो, "जरा लक्ष असू द्या हं!" आणि त्याही म्हणतात, "अगदी निर्धास्त राहा."

पण मैत्रिणींनो, एक प्रश्न आपण कधीच विचारत नाही. "उद्या माझ्या मुलीवर काही वाईट प्रसंग आला आणि तिनं तो तुमच्या कानावर घातला, तर तुम्ही पुढे काय कराल? कोणाला सांगाल? किती वेळात? तोंडी की लेखी?" असं विचारायचं म्हणजे अशुभ बोलल्यासारखं वाटतं. शिवाय रेक्टरबाई काय म्हणतील, याचीही भीड पडते.

खरं सांगायचं तर अशा वेळी मुलं सर्वांत आधी आईला सांगतच नाहीत. आई घाबरेल, बाबा कॉलेज सोडून घरी बोलावतील, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ती सांगतात खोलीतल्या मैत्रिणीला, मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना, खेळाच्या सरांना, एखाद्या आवडत्या मॅडमना. म्हणजे पहिली बातमी ज्याच्या कानावर पडते, तो माणूस बहुतेक वेळा कॉलेजच्या नोकरीतला असतो. तो ती बातमी पुढे नेतो की पोटात ठेवतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून या माणसाची जबाबदारी नेमकी काय, हे आपल्याला ठाऊक हवं. अमेरिकेत यासाठी एक वेगळा कायदाच आहे, आणि तो एका आईबापाच्या हट्टातून जन्मला आहे. आधी त्याबद्दल सांगते, मग आपल्याकडे वळू.

पिझ्झ्याची खोकी

पेन्सिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम नावाचं गाव आहे. तिथल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ही मुलगी पहिल्या वर्षाला शिकत होती. तिच्या भावांसारखं तिनंही न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात जावं असं आधी घरात चाललं होतं. पण तिथल्या एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कानावर आलं आणि आईवडिलांनी बेत बदलला. घरापासून जवळ, टेकडीवरचं, झाडाझुडपांतलं शांत विद्यापीठ म्हणून त्यांनी लीहाय निवडलं. आपण नाही का म्हणत, "लांब नको बाई, जवळचं बरं"? अगदी तसंच.

५ एप्रिल १९८६ रोजी पहाटे जीनवर तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मारेकरी बाहेरचा कुणी गुंड नव्हता, त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता. तिच्या खोलीपर्यंत पोचायला तीन दारं ओलांडावी लागत. तिन्ही दारं आपोआप कुलूप लागणारी, पण ये-जा सोपी व्हावी म्हणून पोरांनी ती पिझ्झ्याची रिकामी खोकी अडकवून उघडी ठेवलेली होती.

मुलगी गेल्यावर कोनी आणि हॉवर्ड क्लेरी या आईवडिलांना आणखी एक गोष्ट कळली. त्याआधीच्या तीन वर्षांत त्या शांत, सुंदर विद्यापीठाच्या आवारात हिंसेचे ३८ गुन्हे घडले होते. ते कुणालाच माहीत नव्हते, कारण कुणी सांगितलंच नव्हतं! प्रवेशाच्या माहितीपत्रकात ग्रंथालयाचा फोटो होता, हिरवळीचा फोटो होता, पण हे आकडे नव्हते. आधी कळलं असतं तर आम्ही मुलीला तिथं पाठवलंच नसतं, असं आईवडिलांचं म्हणणं. ते खोटं कोण म्हणेल?

त्यांनी विद्यापीठावर दावा लावला, तो पुढे तडजोडीनं मिटला. १९८७ साली त्यांनी एक संस्था काढली आणि राज्याराज्यांत हिंडून एकच मागणी लावून धरली, की आवारात काय घडतं ते लपवायचं नाही. १९८८ साली पेन्सिल्व्हेनियाचा कायदा झाला, १९९० साली सबंध देशाचा. १९९८ साली त्या कायद्याला जीन क्लेरीचं नाव मिळालं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि रॅगिंगचे प्रकारही कॉलेजांनी मोजून जाहीर केले पाहिजेत असं ठरलं.

ज्याच्या कानावर पडलं तो

या कायद्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्यानं 'कॉलेजनं कळवावं' असं मोघम म्हटलेलं नाही. कॉलेज म्हणजे कोण? इमारत का कळवणार आहे? कायद्यानं माणसं ठरवून दिली आहेत. त्यांना 'कॅम्पस सिक्युरिटी ऑथॉरिटी' असं भारदस्त नाव आहे, पण त्यात साधी साधी माणसं येतात. आवारातले पोलिस आणि पहारेकरी तर आलेच. फाटकावर ओळखपत्र तपासणारा माणूस आला. तक्रार कोणाकडे करायची म्हणून कॉलेजनं ज्यांची नावं छापली आहेत ते आले. आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याची, शिस्तीची, कार्यक्रमांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते सगळे आले. म्हणजे डीन, खेळाचे प्रशिक्षक, विद्यार्थी मंडळाचे मार्गदर्शक, वसतिगृहाची व्यवस्था पाहणारे. वसतिगृहाच्या मजल्यावर देखरेखीला जी वरच्या वर्गातली मुलगी नेमलेली असते, तीसुद्धा यात येते.

कोण येत नाही तेही बघा. फक्त वर्गात शिकवून घरी जाणारे प्राध्यापक, कचेरीतले कारकून, खानावळीत काम करणारे यांच्यावर या कायद्यानं ही जबाबदारी टाकलेली नाही. मानसोपचाराचा सल्ला देणारे समुपदेशक आणि धर्मोपदेशक यांना तर मुद्दाम वगळलं आहे. नुसतंच मन मोकळं करायचं असेल, गवगवा नको असेल, तर मुलीला जायला एक जागा असावी, हा त्यामागचा विचार आहे.

आता या नेमलेल्या माणसानं करायचं काय? इथं आपल्याकडच्या पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. त्यानं तपास करायचा नाही. खरं-खोटं ठरवायचं नाही. मुलाला बोलावून "काय रे, तू असं केलंस का?" म्हणून दरडवायचं नाही. मुलीला पोलिसांत जायला भागही पाडायचं नाही. सांगणारीनं मनापासून सांगितलं आहे असं वाटलं, की काय, कुठे, केव्हा घडलं ते ठरलेल्या कचेरीकडे तातडीनं कळवायचं, इतकंच त्याचं काम. आकडा मोजण्यासाठी मुलीचं नावसुद्धा लागत नाही. म्हणजे बातमी पुढे जाते, पण मुलगी चव्हाट्यावर येत नाही.

अशा नोंदींवरून पुढे तीन गोष्टी होतात. ज्या कॉलेजात स्वतःचे पोलिस किंवा पहारेकरी खातं आहे, तिथं रोजची गुन्ह्यांची वही ठेवावी लागते. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत ती वहीत चढवायची आणि वही कुणालाही पाहू द्यायची. दुसरं, दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे आकडे छापून जाहीर करायचे. तिसरं म्हणजे, धोका अजून टळलेला नसेल तर सगळ्यांना लगेच सावध करायचं.

या तिसऱ्या गोष्टीत हयगय झाली की काय होतं, ते १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसलं. सकाळी सव्वासातच्या सुमाराला वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना सावध करणारा पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. तोवर मुलं नेहमीसारखी वर्गात जाऊन बसली होती. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसानं दुसऱ्या इमारतीत आणखी ३० जणांना मारलं. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगीही होती. इशारा द्यायला उशीर केला म्हणून अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं विद्यापीठाला दंड केला. पण दंडानं काय भरून येणार?

सगळ्यांनी सांगितलं, पण कोणाला?

कायदा कागदावर असला तरी माणसं माणसांसारखीच वागतात. पेन स्टेट विद्यापीठाचं प्रकरण मी वाचलं तेव्हा कितीतरी वेळ सुन्न बसून होते. २००१ साली तिथल्या फुटबॉल संघाच्या एका मदतनीस तरुणानं खेळाडूंच्या न्हाणीघरात एका निवृत्त प्रशिक्षकाला लहान मुलाशी दुर्वर्तन करताना पाहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकाला सांगितलं. मुख्य प्रशिक्षकानं खेळ विभागाच्या प्रमुखाला सांगितलं. ते उपाध्यक्षांपर्यंत गेलं, अध्यक्षांपर्यंत गेलं. प्रत्येकानं आपल्या वरच्याला सांगितलं आणि आपलं ओझं उतरलं असं मानून झोपी गेला. पोलिसांना कुणीच कळवलं नाही! दहा वर्षांनी, २०११ साली, सगळं बाहेर आलं. २०१२ साली तो प्रशिक्षक ४५ आरोपांखाली दोषी ठरला. विभागप्रमुख आणि उपाध्यक्षांनी २०१७ साली कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि मुलांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल माजी अध्यक्षही त्याच वर्षी दोषी ठरले. त्याआधी २०१६ साली विद्यापीठाला सुमारे २४ लाख डॉलरचा दंड झाला होता.

मिशिगन स्टेट विद्यापीठात खेळाडू मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरचं असंच प्रकरण झालं. तिथं २०१९ साली ४५ लाख डॉलर दंड बसला. लिबर्टी विद्यापीठाला मार्च २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले. शिक्षण खात्यानं तिथल्या चौकशीत एक गोष्ट मुद्दाम नोंदवली होती. मुली तक्रार करायला कचरत, कारण तक्रार केली की 'तूच शिस्तीचे नियम मोडलेस' म्हणून त्यांच्यावरच कारवाई होईल अशी भीती होती. वाचता वाचता मला आपल्याकडचं वाक्य आठवलं, "पण तू तिथं गेलीसच कशाला?" सात समुद्र ओलांडले तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही बघा.

ज्यांची मुलं अमेरिकेला शिकायला निघाली आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. कॉलेजचा वार्षिक सुरक्षा अहवाल प्रवेश घेण्याआधी कुणालाही मागता येतो, आणि बहुतेक सगळ्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावर तो असतो. मुलाला तो उघडून द्यायला सांगा आणि शेजारी बसून वाचा. मात्र शून्य दिसलं की हुश्श करू नका. हजारो मुलं राहतात तिथं तीन वर्षांत एकही गुन्हा नाही, याचा अर्थ कधी कधी इतकाच असतो की कुणी सांगितलं नाही किंवा कुणी लिहून घेतलं नाही. जिथं आकडे थोडे जास्त आहेत तिथं निदान तक्रारीला कान आहे, असंही असू शकतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हे आकडे कॉलेजचं आवार, कॉलेजची वसतिगृहं, कॉलेजच्या ताब्यातल्या इतर जागा आणि लागूनचे रस्ते एवढ्यापुरतेच असतात. आपली मुलं तिथं एम.एस. करायला जातात आणि चौघं मिळून दोन-तीन मैलांवर खासगी घर भाड्यानं घेतात. त्या घराच्या आसपास काय चालतं ते या अहवालात येत नाही. ते त्या गावच्या पोलिसांकडे विचारावं लागतं.

आपल्या इथं

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठला आलाय असला कायदा! थांबा, इथंच तर गंमत आहे. क्लेरी कायद्यासारखा एकच एक कायदा आपल्याकडे नाही, आकडे जाहीर करायची सक्तीही तशी नाही. पण कळवण्याच्या जबाबदारीपुरतं बोलायचं तर आपले काही नियम अमेरिकेहूनही कडक आहेत.

रॅगिंगचंच घ्या. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा आहे. विद्यार्थ्यानं, पालकानं किंवा शिक्षकानं लेखी तक्रार केली, की संस्थेच्या प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार ताबडतोब पोलिस ठाण्याकडे पाठवायची. प्रमुखानं टाळाटाळ केली तर त्यानं रॅगिंगला साथ दिली असं कायदा धरतो, आणि शिक्षाही रॅगिंग करणाऱ्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पुढे २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमध्ये एका मुलाचा जीव गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं सबंध देशासाठी नियम केले. घडलेला प्रकार गुन्हा ठरत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांत प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवायचं काम संस्थाप्रमुखाचं आहे.

त्या नियमांतली एक बारीकशी ओळ मला फार आवडते. संस्थेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडून प्रमुखानं हमीपत्र घ्यायचं आहे, की रॅगिंगचा कुठलाही प्रकार नजरेस आला तर मी तो लगेच कळवीन. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक! शिक्षक, कारकून, शिपाई, कंत्राटावरचे पहारेकरी, झाडलोट करणारे, माळीकाम करणारे, कँटीन चालवणारे, सगळे. अमेरिकेनं ज्या खानावळीतल्या माणसाला वगळलं, त्याला आपल्या नियमानं आत घेतलं. आणि ते शहाणपणाचंच आहे. रात्री अकराला गच्चीवर मुलं कुणाला घेऊन गेली ते प्राचार्यांना कुठून कळणार? ते कळतं वॉचमनला. कोण मुलगा चार दिवस जेवायला खाली उतरला नाही ते कळतं वाढणाऱ्या मावशींना. जो कर्मचारी असा प्रकार कळवील त्याला प्रशस्तिपत्र द्यावं आणि त्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात व्हावी, असंही त्या नियमांत म्हटलं आहे. असं प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलेला वॉचमन माझ्या तरी पाहण्यात नाही. तुम्हाला कुठे दिसला तर मला जरूर कळवा.

दुसरा कायदा लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा, २०१२ सालचा, ज्याला सगळे 'पॉक्सो' म्हणतात. हा शाळेतल्या चिमुरड्यांसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. पण कायद्याच्या लेखी अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मूलच! म्हणजे अकरावी-बारावीची आपली जवळजवळ सगळी मुलं-मुली त्यात आली, पदवीच्या पहिल्या वर्षाची काहीसुद्धा. आणि इथं कळवण्याची जबाबदारी ठरावीक माणसांवर नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर आहे. पोलिसांना कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. पुढे चौकशीत काही निघालं नाही तरी त्याच्यावर बालंट येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात गुन्हा वेळेवर कळवला नाही म्हणून शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदवला गेला, ते तुम्हाला आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला वसतिगृहातल्या मुलींच्या बाबतीत २०१९ साली असंच प्रकरण उघडकीस आलं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयानं डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. कळत असूनही न कळवणं ही नुसती चूक नाही, तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, असं न्यायालयानं बजावलं.

मी स्वतः एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत पगार नाही, स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्चीसुद्धा नाही. पण हा कायदा तासिका बघत नाही, मलाही तो तितकाच लागू आहे. समुपदेशकांनाही इथं अमेरिकेसारखी सूट नाही. त्यामुळे एखादी सोळा वर्षांची मुलगी तास संपल्यावर मागे रेंगाळली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय, पण तुम्ही कुणालाही सांगणार नाही अशी शपथ घ्या," तर ती शपथ मला घेता येत नाही. मी आधीच सांगते, "तू बोल, मी ऐकते. पण तुला कुणी त्रास देत असेल तर मला ते पुढे सांगावं लागेल. कोणाला आणि कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, मी तुझ्याबरोबर येईन." शपथ घेऊन मग मोडण्यापेक्षा हे बरं. हे ऐकून एखादी मुलगी बोलता बोलता थांबते, तेही मला माहीत आहे. सतरा वर्षांच्या मुलामुलीच्या प्रेमप्रकरणालाही हाच कायदा लागतो, त्यानं कधी कधी भलतीच गुंतागुंत होते, हेही खरं. तरीसुद्धा घरातल्या किंवा कॉलेजातल्या मोठ्या माणसाच्या तावडीत सापडलेल्या मुलीचा विचार केला, की मला हा कडकपणाच योग्य वाटतो.

मुलगी अठरा पूर्ण झाली की चित्र बदलतं. लैंगिक छळाची तक्रार करायची की नाही, पोलिसांत जायचं की कॉलेजच्या समितीकडे, हे ठरवायचा हक्क तिचा. २०१३ चा कायदा आणि आयोगाचे २०१५ चे नियम यांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, बाहेरची एक सदस्य हवी. विद्यार्थिनींनाही तिथं तक्रार करता येते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून ही मुदत मुलीच्या कानावर आधीच घालून ठेवा. तिच्या वतीनं परस्पर निर्णय कुणी घेऊ नये, आपणही नाही. पण ऐकणाऱ्यानं तिला समितीचं दार दाखवायचं नाही, असा याचा अर्थ मुळीच होत नाही.

आमच्या परिचयातल्या एका बाईंची मुलगी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहते. वसतिगृहाच्या मागच्या बोळात रोज संध्याकाळी दोघे जण मोटारसायकल लावून उभे राहत आणि क्लासहून येणाऱ्या मुलींची वाट अडवत. मुलींनी मेसच्या मावशींना सांगितलं. मावशींनी त्याच रात्री रेक्टरबाईंना सांगितलं. रेक्टरबाई म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आल्या आहेत, आत्ता कशाला बोभाटा? मी सरांच्या कानावर घालते." सरांच्या कानावर घातलं, सरांनी बघतो म्हटलं. असे दोन महिने गेले! मुलींनी काय केलं, तर क्लासच सोडला. शेवटी या बाईंना सुगावा लागला तेव्हा त्या एस.टी.नं तिथं गेल्या. भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. एक कागद काढला, प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला, खाली प्रत पोलिस ठाण्याला असं लिहिलं आणि कचेरीत जाऊन पोच मागितली. कारकून पोच द्यायला का-कू करू लागला तेव्हा त्या तिथल्या बाकावर डबा उघडून बसल्या. त्याच आठवड्यात बोळात दिवा लागला आणि संध्याकाळी पोलिसांची गाडी फिरू लागली. त्या सगळ्या साखळीत आपलं काम चोख केलं ते फक्त मावशींनी. त्यांना कायद्याचं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

तेव्हा या वर्षी वसतिगृह पाहायला जाल तेव्हा पोळीबरोबर आणखी दोन-चार गोष्टी पाहा. रॅगिंगविरोधी समितीची आणि अंतर्गत समितीची नावं व फोन दर्शनी फलकावर आहेत का? असले तर त्यांतला एक फोन तिथंच उभं राहून लावून बघा. उचलला जातो की नाही ते कळेल. रेक्टर रात्री आवारातच राहतात का? पहारेकरी कंत्राटी असतील तर त्यांच्याकडून ते हमीपत्र घेतलंय का? विचारायला संकोच करू नका. रॅगिंगबद्दलचं शपथपत्र दरवर्षी आपल्याकडूनही भरून घेतात ना, मग त्यांचं आपण का पाहू नये? रॅगिंगसाठीचा देशभराचा मोफत फोन १८००-१८०-५५२२ हा आहे. मुलाच्या मोबाईलमध्ये तर घालाच, पण एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाकिटातही ठेवा.

आणि अर्ज करायची वेळ आलीच तर तो असा करा. वर तारीख घाला. काय घडलं, कुठे, कधी, आणि ते कॉलेजातल्या कोणाला केव्हा सांगितलं, हे क्रमानं लिहा. रागाची विशेषणं नकोत, तारखा हव्यात. मुलगी लहान असेल किंवा तिची इच्छा नसेल तर फलकावर लागेल अशा कुठल्याही कागदावर तिचं नाव येऊ देऊ नका. गुन्हा गंभीर असेल तर कॉलेजच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. कोणत्याही पोलिस ठाण्यात खबर देता येते, हद्द कोणाची ते नंतर पोलिस बघतील. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि सही घेऊन ती घरी आणा. कचेरीत पोच दिली नाही तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा, आणि ती पावती रेशनकार्डाच्या पिशवीत, जिथं घरातलं काही हरवत नाही, तिथं ठेवा.